उजवा हात, डावा डोळा: शूटिंग रेंजवरचा एक रविवार

तिरकी_रेघ (धागाकर्ता) | रवि, रात्री १०:४०

शाळेतले आम्ही पाच जण दर दोन-तीन महिन्यांनी भेटतो. भेटतो म्हणजे खातो. या वेळी आमचा सीए म्हणाला, "दरवेळी मिसळ आणि मग अ‍ॅसिडिटीची गोळी. यंदा दुसरी गोळी घालू." एवढ्या एका कोटीपायी आम्ही आज सकाळी पुण्यातल्या एका एअर रायफल-पिस्तूल रेंजवर जाऊन पोचलो.

मनात सिनेमातली रेंज होती. प्रत्यक्षात एका साध्या इमारतीचा दुसरा मजला, दाराशी मुलांच्या बुटांचा ढीग, आत लांबट हॉल. पलीकडच्या टोकाला दिव्यांच्या उजेडात कागदी कार्डं, अलीकडे कमरेएवढं टेबल, मध्ये दहा मीटर. आवाज? टप्. आमच्या कुकरची शिट्टी याहून दणदणीत असते. कर्नलचा चेहरा तिथेच पडला. (कर्नल म्हणजे एनसीसीचं सी सर्टिफिकेट. सैन्याशी संबंध तेवढाच.)

शिकवायला एक मॅडम होत्या, वय जेमतेम पंचवीस. पहिली पंधरा मिनिटं त्यांनी हाताला काही लागूच दिलं नाही. नळी कायम समोर. नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही. सांगितल्याशिवाय छर्रा भरायचा नाही. 'स्टॉप' ऐकलं की पिस्तूल टेबलावर, आणि नळीतून एक नारिंगी दोरी आरपार. दोरी दिसली म्हणजे आत काही नाही, हे लांबूनही कळतं. आम्ही माना डोलावल्या. मग कर्नलने पिस्तूल उचललं आणि "जड आहे रे हे!" असं म्हणत आमच्याकडे वळला. मॅडम ओरडल्या, "काका, नळी समोर!" हॉल चिडीचूप. बाजूच्या लेनवरच्या बारा वर्षांच्या पोरीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर त्याला एनसीसीतल्या कुठल्या सुभेदाराने दिली नसेल.

दुसरा धक्का म्हणजे दहा मीटर पिस्तूल एकाच हाताने मारायचं असतं. आम्ही सगळ्यांनी ते इन्स्पेक्टरसारखं दोन हातांत धरलं होतं. दुसरा हात खिशात. पॅरिस ऑलिम्पिकमधला तो तुर्की काका, युसुफ डिकेच, खिशात हात घालून उभा होता ते ऐट म्हणून नव्हे. मोकळा हात लोंबत राहिला तर अंग डुलतं, म्हणून तो खोचून टाकायचा. सगळेच तसं करतात म्हणे.

आता माझी गोष्ट. दहा छर्रे, शंभरपैकी एकतीस. दोन तर कार्डालाच लागले नाहीत. बाकीचे सगळे डावीकडे एका कोपऱ्यात, जसे काही कार्यक्रमात नातेवाईक एकत्र बसतात. कर्नल म्हणाला, "चाप झटकतोयस." मॅडमनी दोन छर्रे मारताना माझ्याकडे पाहिलं, कार्डाकडे नाही. मग म्हणाल्या, "पिस्तूल खाली ठेवा. दोन्ही हात लांब करा, अंगठे आणि तर्जन्या जुळवून मधे छोटं भोक करा, त्यातून ते घड्याळ बघा. आता डावा डोळा मिटा."

घड्याळ गायब!

"उजवा मिटा." घड्याळ जागच्या जागी.

"काका, तुमचा डावा डोळा मालक आहे."

एकेचाळीस वर्षं झाली, मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सही उजव्या हाताने, जेवण उजव्या हाताने, आणि आत बसून बघणारा मात्र डावा. त्यांनी माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर दुधी चिकटपट्टीचा तुकडा लावला. पुढचं कार्ड चौपन्न. छर्रे अजून भटके होते, पण निदान मधल्या काळ्या गोलाच्या आसपास भटकत होते.

पहिली आली आमची डॉक्टर, अठ्ठ्याहत्तर. ती दातांची डॉक्टर आहे. "दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात हात स्थिर धरून उभी असते, हे त्याहून सोपं आहे, कार्ड हलत नाही," असं म्हणून तिने हात धुतले आणि पोहे मागितले.

इथे कुणी नेमबाजी करतं का? माझ्यासारख्यांनी काय करायचं असतं? पट्टी लावायची, की हात बदलायचा?

अळूवडी | रवि, रात्री ११:२२

भारी लिहिलंय! वाचता वाचता त्रिकोण करून ट्यूबलाइटकडे बघितलं. उजवा. मग नवऱ्याला करायला लावलं. डावा. अठरा वर्षांच्या संसारात आमचे फोटो हा कायम तिरके का काढतो ते आज कळलं. (त्याचा याच्याशी काही संबंध नसेल, पण मी सोडणार नाही.)

जत्रेकरू | सोम, सकाळी ७:५०

आम्ही यात्रेतल्या फुग्यांवर वाढलेली माणसं. माझा नेम तालुक्यात प्रसिद्ध होता. गेल्या वर्षी पुतण्याच्या क्लबात ऐटीत गेलो आणि रायफलीने बेचाळीस आणले. यात्रेतली बंदूक थोडी वाकडीच असते, एकीची नळी डावी तर दुसरीची माशी (नेम धरायला नळीच्या टोकावर असतो तो खुंट) सैल. पहिल्या दोन छर्ऱ्यांत ती किती खोटं बोलते ते ओळखायचं आणि तेवढं बाजूला मारायचं, ही आमची विद्या. क्लबातली बंदूक खरं बोलत होती आणि मी सवयीने बाजूला मारत होतो!

नेम_धरून | सोम, सकाळी ९:३५

कॉलेजच्या दिवसांत राज्य स्पर्धेपर्यंत एअर पिस्तूल मारलंय, आता सुटलं. लांबेल, पण लिहितो.

धागाकर्त्याच्या मॅडम हुशार आहेत. उजव्या हाताच्या नवख्याचे छर्रे डावीकडे गेले की दहातले आठ जण 'चाप झटकला' म्हणतील, आणि पुष्कळदा ते खरंही असतं, तेव्हा ते डावीकडे आणि खाली जातात. पण मालक डोळा विरुद्ध असेल तर माणूस नकळत डाव्या डोळ्याने माशी कार्डावर नेतो, मागची खाच (जिच्यात माशी दिसायला हवी ती) राहते उजव्या डोळ्यासमोर. नळी डावीकडे वळलेलीच असते. चापाचा बिचाऱ्याचा दोष नाही.

उपाय: पिस्तुलात हे फार अवघड नाही. हात उजवाच ठेवून मान जराशी वळवायची आणि डाव्या डोळ्याने नेम धरायचा. हात लांब असल्याने जमतं. रायफलीत गाल दस्त्याला टेकलेला असतो, तिथे डोळा बदलता येत नाही. मग एक तर डावा खांदा वापरा, नाहीतर डाव्या डोळ्यापुढे आडोसा लावा. हा आडोसा स्पर्धेतही चालतो, फक्त रुंदी ३० मिलिमीटरपर्यंत हवी. डोळा गच्च मिटू मात्र नका. चेहरा ताणतो, उघडा डोळाही दमतो. म्हणूनच काळी नव्हे, दुधी पट्टी: उजेड दोन्ही डोळ्यांना सारखा पोचतो, चित्र एकालाच.

आता खरी गोष्ट, जी पहिल्या दिवशी कुणालाच पटत नाही. पिस्तुलात कार्डाकडे बघायचं नसतं. नजर माशीवर. मागची खाच थोडी धूसर, कार्डाचा काळा गोल तर चांगलाच धूसर. लहानपणी दगडाने कैऱ्या पाडताना आपण कैरीकडे बघतो, दगडाकडे नाही. गोट्या, लगोरी, क्रिकेटचा थ्रो, सगळीकडे तेच. तीस वर्षांची ही सवय पिस्तूल उलटी करून मागतं.

कारण साधं गणित आहे. माशी आणि खाच यांत साधारण ३५ सेंटिमीटर अंतर असतं. माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला बसली, तर दहा मीटरवर छर्रा जवळपास तीन सेंटिमीटर बाजूला जातो. पिस्तुलाच्या कार्डावर एक वर्तुळ आठ मिलिमीटरचं, म्हणजे तीन-चार गुण गेले. उलट माशी-खाच बरोबर जुळलेली असेल आणि सगळा हातच एक सेंटिमीटर डुलला, तर छर्राही सेंटिमीटरभरच सरकतो. हात डुलणारच, ऑलिम्पिकवाल्यांचाही डुलतो. म्हणून डुलू द्या, पण माशी सोडू नका. नेमही काळ्या गोलाच्या मध्यावर नाही, त्याच्या खालच्या पांढऱ्या भागात धरायचा. काळ्यावर काळी माशी दिसणार कशी?

पंचवीस मीटरवर काय होतं वगैरे अवांतर नंतर कधीतरी.

शंकेखोर | सोम, सकाळी १०:१०

म्हणजे द्रोणाचार्य चुकले? अर्जुनाला पोपटाचा डोळा सोडून काही दिसत नव्हतं.

नेम_धरून | सोम, सकाळी १०:१८

धनुष्याचं मला माहीत नाही. एअर पिस्तुलात पोपट धूसर दिसला तरच पोपटाला लागेल.

तांबडा_पांढरा | सोम, दुपारी १:०५

धागा पुण्याचा, तरी कोल्हापूरचं नाव अजून कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटतंय :)

तेजस्विनी सावंत: २०१०, म्युनिक, ५० मीटर रायफल प्रोन (पालथं पडून), विश्वविजेती. राही सरनोबत: २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे: १ ऑगस्ट २०२४, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं आणि उभं), ४५१.४ गुण, कांस्य. खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत पदक आणलं, त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक थेट ७२ वर्षांनी, तेही कोल्हापूरच्या पोराला. कुसाळे रेल्वेत टीसी होता, धोनीसारखाच. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या आज्जीसुद्धा नीलिंग, प्रोन, स्टँडिंग म्हणायला शिकल्या.

पॅरिस ऑलिम्पिक म्हणतात, पण नेमबाजी पॅरिसला नव्हतीच. दूर शातोरूला होती.

(५० मीटर धाग्याच्या विषयाबाहेर आहे, माफी. पण राहवलं नाही.)

चुलीवरची_भाकर | सोम, दुपारी ३:४०

सगळं छान, पण मला थोडं खटकतं. मुलांच्या हातात बंदूक द्यायची, त्याला खेळ म्हणायचं, आणि आपण 'सिनेमासारखं नाही' म्हणून समाधान मानायचं. धाग्यातच 'गोळी घालू' असा विनोद आहे. मुलं तोच विनोद घेऊन घरी जातात.

लेकीचा_डबा | सोम, संध्या ६:२५

@चुलीवरची_भाकर, दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचे, सासूबाई अजून म्हणतात. लेक आता चौदाची आहे, एअर रायफल मारते. घरात काय घडलं तेवढं सांगते.

पहिले कित्येक दिवस तिला छर्रा मिळालाच नाही. नुसतं उभं राहायचं. पाय, कंबर, डाव्या कोपराची कमरेच्या हाडावर टेकण, श्वास. घरी भिंतीवर ठिपका काढून रिकामा, छर्ऱ्याविना सराव. रायफल साडेपाच किलोपर्यंत असते, जाड कॅनव्हासचं जाकीट आणि पँट, आत मे महिना. ती अंगात घालून ही पोरगी पेंग्विनसारखी चालते. स्पर्धेत साठ छर्रे, पंचाहत्तर मिनिटं. त्या कार्डावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, आणि छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा! त्यातही दशांश गुण, सगळ्यात चांगला छर्रा १०.९. मी एकदा मागे बसून बघितलं. इतका कंटाळवाणा खेळ मी आयुष्यात पाहिला नाही, आणि तो बघून जितका घाम मला फुटला तितका क्रिकेटच्या फायनललाही नाही.

खेळण्यातली पिस्तुलं घेऊन ठो ठो करणारा तिचा भाऊ आहे. त्याने परवा प्लास्टिकची बंदूक माझ्याकडे रोखली, तर ही उठून त्याला काय बोलली! "नळी माणसाकडे नाही." त्याला रडवलं.

खर्चाचं मात्र खरं. जाकीट, पँट, बूट मापाचे लागतात आणि मुलं वाढत राहतात. आम्ही क्लबातल्या मोठ्या मुलींची जुनी घेतो. स्वतःची परदेशी रायफल म्हणजे स्कूटरहून महाग, ती अजून नाही.

चुलीवरची_भाकर | सोम, रात्री ८:०२

नळीचं वाक्य आवडलं. खटकणं पूर्ण गेलं नाही, पण कमी झालं.

ह्यूस्टनचा_भाचा | सोम, रात्री ११:५५

इथे टेक्सासात ऑफिसमधल्या मित्रांबरोबर दोनदा गेलोय. प्रकार पूर्ण वेगळा. आधी सही करायचा कागद, मग सुरक्षेचा व्हिडिओ, मग कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही. बंद जागेत खऱ्या काडतुसाचा, नऊ एमएम पिस्तुलाचा बार १४० डेसिबलच्या बराच वर जातो, नुसत्या बोळ्यांवर भागत नाही. तुमच्याकडे टप् होतं, इथे बाजूच्या लेनचा बार छातीत जाणवतो. पहिल्या गोळीनंतर मी पिस्तूल खाली ठेवून दोन मिनिटं नुसता उभा होतो. मजा म्हणायची की काय, अजून ठरलं नाही. दुसऱ्या वेळी काडतुसाची गरम पुंगळी उडून कॉलरच्या आत गेली. तेव्हा नळी समोर ठेवून स्थिर उभं राहणं हीच खरी परीक्षा! गोल गळ्याचा, बंद टी-शर्ट घाला, एवढाच माझा सल्ला.

महत्त्वाचं: इथे येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना उत्साहाने रेंजवर नेऊ नका. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना, एच-१बी आणि विद्यार्थीही त्यात आले, बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेलीही त्यात धरतात. वैध हंटिंग लायसन्स हा नेहमीचा अपवाद. मी ग्रीन कार्ड आल्यावर गेलो. आधी 'सगळेच जातात' म्हणून बोलावणारे पुष्कळ भेटले.

आमराई | मंगळ, सकाळी ९:१५

एक बाळबोध प्रश्न. एअर गनला लायसन्स लागतं का? बागेत पाखरं फार नुकसान करतात.

नेम_धरून | मंगळ, सकाळी १०:०७

साडेचार मिलिमीटर, म्हणजे .१७७ पर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला शस्त्र परवाना लागत नाही. २०१६च्या शस्त्र नियमांत आहे. त्यावरची असेल तर लागतो. पॉइंट टू टू (.२२) काडतुसाच्या बंदुकीपासून पुढे सगळं परवान्याचं, म्हणून आपल्याकडे सहज जाऊन मारता येते ती एअर रायफल नाहीतर एअर पिस्तूलच.

पाखरांचं विसरा. बहुतेक रानपक्ष्यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, गुन्हा दाखल होतो. जाळी लावा. आणि परवाना लागत नाही म्हणजे खेळणं नव्हे: छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने निघतो, डोळा जायला तेवढा पुरतो. गच्चीवर डबे ठेवून मारणाऱ्यांनी डब्यामागे काय आहे ते आधी बघावं. पत्र्यावरून छर्रा उलटूनही येतो.

आमराई | मंगळ, सकाळी १०:३१

जाळीच लावतो. धन्यवाद.

एनसीसीचा_बिल्ला | मंगळ, दुपारी २:२०

तुमच्या कर्नलची बाजू घ्यायला आलोय. आम्ही कॅम्पात पॉइंट टू टू पालथं पडून मारायचो, कोपरं जमिनीवर, पोट जमिनीवर. त्याला एका हातात पिस्तूल देऊन उभं केलंत, तर त्याचं काय चुकलं? आणि एनसीसीला हसू नका. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीतूनच नेमबाजीत आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचल्या.

नळी घेऊन वळला ते मात्र अक्षम्य. आमच्या हवालदाराने त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

तिरकी_रेघ (धागाकर्ता) | मंगळ, रात्री ९:५०

कर्नलला धागा दाखवला. फेऱ्या मान्य आहेत म्हणतो, पण गुडघा दुखतो.

प्रश्न आले त्यांची उत्तरं. छर्रे, कार्ड आणि शिकवणं धरून माणशी काही शे रुपये लागले, हॉटेलच्या बिलाहून कमीच. आधी फोन करून जा, कारण संध्याकाळी नेहमीच्या मुलांचा सराव असतो आणि आपल्यासारख्या हौशी काकांना तेव्हा लेन मिळत नाही. सपाट तळाचे बूट घाला. चष्मा असेल तर लावूनच जा. आणि हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका. छर्रे शिशाचे असतात, बोटं राखाडी होतात. सीए तसाच पोह्यांवर बसणार होता, डॉक्टरने त्याच्या मनगटावर चापट मारली.

@नेम_धरून, आज ऑफिसातून येताना एकटाच परत गेलो, कुणाला न सांगता. तुम्ही सांगितलं तसं मान वळवून, पट्टी न लावता. माशी स्पष्ट, कार्ड धूसर. फार विचित्र वाटतं हो! सगळं अंग सांगत असतं की कार्डाकडे बघ, एकदाच बघ. सहाव्या छर्ऱ्याला बघितलंच, तो गेला चारात. सगळे मिळून एकसष्ट. त्यात एक दहा. दहा लागला तेव्हा मला दिसलाच नाही, मॅडमनी सांगितलं.

कार्ड घडी घालून पाकिटात ठेवलंय.

नेम_धरून | मंगळ, रात्री १०:१२

एकसष्ट चांगले आहेत. आता महिनाभर गुण मोजू नका, नुसते छर्रे एकमेकांच्या जवळ येतात का ते बघा. कोपऱ्यात आले तरी चालतील. जागा नंतर मागच्या खाचेच्या स्क्रूने सरकवता येते.

अळूवडी | मंगळ, रात्री १०:४५

म्हणजे नातेवाईक एकत्र बसले तरी चालतील.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं जातोय. नवऱ्याने आत्तापासून खिशात हात घालून घरभर फिरायला सुरुवात केली आहे.

वाचनमात्र_७२ | बुध, सकाळी ६:३०

सहा वर्षांत पहिला प्रतिसाद. वय बहात्तर, सुतारकामात हयात गेली. फळीची कड बघायला मी कायम डावा डोळा लावायचो, आणि वडील म्हणायचे, उजवा लाव, नीट शिक. आज त्रिकोण करून बघितला. डावाच आहे.